तीन वळू, एकसष्ट दोऱ्या आणि माझं स्वेटर

"डाक्टर, ह्या दोरीवर माझा पिवळा गोंडा कितव्या नंबरला हाय?"

"दुसऱ्या, मावशी."

"अन् ह्या?"

"दुसऱ्याच."

"अन् ही?"

"तीपण दुसऱ्याच."

काशाबाईनं चावडीच्या ओट्यावर पसरलेल्या दोऱ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजी अख्ख्या गावाला माझा ढग्या दोन नंबरला पसंत हाय. अन् पहिल्यांदा बाहीर कोण? माझाच ढग्या. लई शिकलाव तुम्ही!"

गाव हसलं. मीही हसलो. सरकारी माणसाला उत्तर सुचलं नाही की तो हसतो. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि हरलेल्या वळूचं पुढं काय होणार ते माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधलेलं होतं. ते पुढं सांगतो.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, पण गावं डॉक्टरच म्हणायची आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. गुरांना लस टोचायची, जखमा बांधायच्या आणि नको असलेले खोंड खच्ची करायचे, हे माझं काम. या शेवटच्या कामासाठी बर्डिझो नावाचा हातभर लांब लोखंडी चिमटा मिळतो. तो कॅरियरला लावून मी गावात शिरलो की खोंडांच्या आधी पुरुषमंडळी बाजूला व्हायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या नव्या ऑफिसात दोन खोल्या, तीन टेबलं आणि जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेल्या कागदांचे गठ्ठे. दर पत्रावर आधी उस्मानाबाद खोडायचं, वर लातूर लिहायचं, मग मजकूर. जिल्हा नवा मिळाला, पाऊस मात्र मिळाला नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं. कडब्याच्या गंजी संपल्या होत्या आणि लोक घरावरचं छप्पर उपसून गुरांपुढं टाकत होते.

अशात एक योजना आली. देवणी ही आपल्या भागातली गुरांची नामांकित जात. दुष्काळात तिचे चांगले वळू विकले जाऊ नयेत, म्हणून निवडलेल्या प्रत्येक गावात एक वळू ठरवायचा. वळू म्हणजे पैदाशीसाठी राखलेला बैल. त्याला पाऊस पडून गवत उगवेपर्यंत सरकारी कडबा आणि पेंड. गावातले बाकीचे मोठे खोंड महिनाभरात खच्ची करायचे, म्हणजे वाण भेसळ होणार नाही. थोडक्यात, एकाला ताट आणि बाकीच्यांना चिमटा. चिमटा अर्थातच मी चालवायचा.

फॉर्मवर शेवटी एक रकाना होता, 'तांत्रिक अभिप्राय'. तो लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

माझ्या नेमणुकीच्या गावात तीन वळू होते. पहिला पाटलांचा सरदार. अंगानं पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. या रंगाला आमच्याकडं वानेरा म्हणतात. दिसायला राजबिंडा, पण मागच्या पायात जरा वाकडा. दुसरा शिवलिंगआप्पांचा नंदी. आप्पा गावातले दुकानदार आणि बागायतदार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मऊ. नंदीही वानेरा, आणि इतका गरीब की त्याच्यासमोर कालवड उभी केली तर तोच लाजायचा. तिसरा काशाबाईचा ढग्या. हा शेवेरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके. त्या वर्षी गावात दिसलेला तेवढाच ढग. रुंद छाती, सरळ पाठ, पाय खांबासारखे. मी तिघांनाही तपासलं होतं. माझ्या वहीत ढग्या कितीतरी पुढं होता.

मग मी सरळ ढग्याचं नाव का नाही लिहिलं?

त्याची दोन कारणं. पाटलांचा मेहुणा लातुरात वजनदार होता आणि माझी बदली किनवटच्या जंगलात करणं त्याच्या एका निरोपाचं काम होतं. आणि मी राहायचो आप्पांच्या माडीवर. नंदी खाली, मी वर. सकाळी आम्ही दोघं एकाच वेळी जांभई द्यायचो. काशाबाईच्या मागं मात्र कुणी नव्हतं. एकलं घर. नवरा-बायको रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायचे आणि ढग्याला तिनं वासरू असल्यापासून आपल्या भाकरीतला घास घालून वाढवला होता. तिला दुखावलं तर माझं काय बिघडणार होतं? एवढा हिशोबी विचार मी केला आणि जाहीर केलं की गावाचा वळू गावच निवडेल. गाय ज्याच्या घरी, त्या घराला एक मत.

गायी असलेली घरं एकसष्ट. पाटलांच्या भावकीची सव्वीस. आप्पांच्या आळीची एकवीस. उरलेली चौदा घरं कुणाचीच नव्हती.

आप्पा हात जोडत माडीवर आले. "शरणार्थ, डॉक्टर. हात वर करून मोजायलाव म्हणे?"

"हो."

"मग मोजायचंच कशाला? सव्वीस त्यांचे. एकसष्टात पस्तीस घरांना नको असलेला वळू गावाचा व्हायलाय. हा कुठला न्याय म्हणायचा?"

मुद्दा चोख होता. आणि इथं माझ्यातला विद्वान जागा झाला. आदल्या वर्षी पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीला मला औरंगाबादला ड्युटी लागली होती. तिथं शिक्का मारत नाहीत. उमेदवारांपुढं एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहितात. आधी सगळ्यांची पहिली पसंती मोजायची. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर तो निवडून आला. नाही मिळाली तर सगळ्यात मागं असलेला बाद. पण त्याला मत देणाऱ्यांचं मत वाया जात नाही. त्यांच्या कागदावर दुसरी पसंती कुणाला आहे ते बघायचं आणि मत तिकडं सरकवायचं. निम्म्याच्या पुढं कुणी जाईपर्यंत असंच. फेरनिवडणूक घ्यायची गरजच नाही, ती त्याच कागदात दडलेली असते.

मी चावडीवर हे समजावलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"पर डाक्टर, दुसरा कोण ते सांगितलं तर आमच्या पहिल्याला धक्का लागंल का?"

"अजिबात नाही. तुमचा पहिला मैदानात आहे तोवर तुमचा दुसरा कुणी बघतसुद्धा नाही."

"मग झालं की! पोरांनो, दुसरा काशाबाईचा धरा. आप्पाचा नको. अन् खरं सांगायचं तर वळू तोच बरा हाय."

समोरून आप्पा म्हणाले, "आमचंबी तेच म्हणणं हाय बघा. दुसरा ढग्याच."

दोघांनी भर चावडीत, साठ माणसांसमोर, ढग्या चांगला आहे असं सांगितलं. मी ऐकलं आणि मान डोलावली. आजही ते आठवलं की मला माझीच मान धरावीशी वाटते.

प्रश्न राहिला आकड्यांचा. निम्म्या गावाला लिहिता येत नव्हतं. मग मी मतपत्रिकाच बदलली. सुतळीचे वीतभर तुकडे घेतले, प्रत्येकाच्या एका टोकाला दाव्याला असतो तसा फास केला. फासाचं टोक खुंटीकडं, हे गुराख्याला शिकवावं लागत नाही. खुंटीजवळचा गोंडा पहिला, मधला दुसरा, शेवटचा तिसरा. लाल गोंडा सरदारचा, हिरवा नंदीचा, पिवळा ढग्याचा.

गोंड्यांना लोकर लागणार होती. ती माझ्या बायकोच्या टोपलीत होती. तिनं माझ्यासाठी लाल, हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्यांचं स्वेटर अर्ध्यावर आणलं होतं.

"हे उसवायचं?" ती म्हणाली.

"गावाच्या भल्यासाठी."

"तुमचं गावात एवढं वजन असतं तर सांगून टाकलं असतं की कुठला वळू चांगला. स्वेटरच्या जिवावर कशाला उठायलाव?"

मी म्हटलं, लोकशाही तुला कळायची नाही. तिनं उसवलं. आणि हे वाक्य ती पुढं वीस वर्षं मला ऐकवत राहिली.

मतदान झकास झालं. शाळेच्या वर्गात पोत्यांचा आडोसा केला. घरटी एक माणूस आत जायचा, तीन गोंडे हवे तसे बांधायचा आणि दोरी रांजणात टाकायचा. एका आजोबांनी तिन्ही गोंडे एकाच गाठीत बांधले. म्हणाले, तिघंबी गुणी लेकरं हायती. त्यांना परत आत पाठवलं.

मोजणी सकाळी चावडीवर, सगळ्यांच्या देखत. पहिली पसंती अशी निघाली: लाल सव्वीस, हिरवे एकवीस, पिवळे चौदा. बहुमताला हवे एकतीस. कुणालाच नाहीत. पिवळा सगळ्यात मागं, म्हणून ढग्या बाद. त्याच्या चौदा दोऱ्यांवरचा दुसरा गोंडा बघितला. नऊ हिरवे, पाच लाल. नंदी झाला तीस, सरदार झाला एकतीस. एका दोरीनं पाटील जिंकले. हलगी वाजली.

आणि त्या हलगीत काशाबाई ओट्यापाशी येऊन एकेक दोरी उचलायला लागली.

"मला आडाणीला सांगा, डाक्टर. पाटलाच्या सव्वीस घरांपुढं निस्ता माझा अन् आप्पाचा असं दोनच उभे केले असते, तर ते कुणाकडं आले असते?"

"तुमच्याकडं."

"अन् माझी चौदा. किती झाले?"

"चाळीस."

"आता आप्पाच्या एकवीस घरांपुढं माझा अन् पाटलाचा उभा करा."

"तेही तुमच्याकडं. चौदा आणि एकवीस, पस्तीस."

"म्हंजी माझ्या ढग्यानं दोघांनाबी येकयेकटं पाडलं. तरी हरला."

"हो, मावशी."

"कोण हरवलं त्याला?"

सत्तेचाळीस दोऱ्यांवर पिवळा गोंडा दुसरा होता आणि त्यांतली एकही मी त्या अर्थानं वाचली नव्हती. नियमच तसा होता. ज्याचा पहिला गोंडा शेवटपर्यंत मैदानात राहतो, त्याचा दुसरा कुणी विचारत नाही. मीच तर मोठ्या ऐटीत पाटलांना हे सांगितलं होतं.

काशाबाईनं दोरी खाली ठेवली. "ठीक हाय. मग तुम्हीच या चिमटा घेऊन. माझ्या दारात परक्या हातानं नको."

घरी आलो. बायकोनं पान वाढलं. पिठलं होतं. मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आपल्या घरात घ्या की हे मतदान. तुम्हाला वांगं, मला मेथी, आईंना शेंगांची आमटी. अन् दुसरं?"

"पिठलं."

"तिघांचंबी पिठलं. पहिलं मात्र कुणाचंच न्हाई. तुमच्या मोजणीत ते पहिल्यांदा बाद. अन् आठवड्यात चार दिवस आपण काय खातो?"

मी खाली मान घालून पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं. आमचे साहेब विदर्भातून बदलून आलेले, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. मी त्यांच्या टेबलावर दोऱ्यांची जुडी ठेवली आणि म्हणालो, "सर, निकाल बदलायला हवा. जोडीजोडीनं मोजलं तर तिसराच वळू जिंकतो."

त्यांनी एक दोरी उचलून पाहिली. "ही पद्धत तुम्ही आधी सांगितली होती?"

"हो सर."

"गावानं मान्य केली होती?"

"हो सर."

"मग निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलायचा? उद्या पाटील म्हणतील हात वर करून मोजा. परवा आणखी कुणी म्हणेल चिठ्ठ्या टाका."

"पण सर, ही पद्धत अन्यायाची निघाली."

"सगळ्याच कुठंतरी निघतात. मतं साधी मोजली असती तर सव्वीसवाला निवडून आला असता आणि पस्तीस बोंबलले असते. निदान एकतीस तरी झाले. आणि तुमचं ते जोडीजोडीचं? जत्रेतल्या कुस्त्या बघा. पहिल्यानं दुसऱ्याला पाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्यानं पहिल्याला. मग फेटा कुणाला बांधता?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "ते राहू द्या. फॉर्म आणलाय?"

मी दिला. ते शेवटच्या रकान्यावर थांबले. मी तिथं लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या मताप्रमाणे.'

"हे काय?"

"सर, गावानं ठरवल्यावर माझा वेगळा अभिप्राय कशाला म्हणून..."

"गाव मत देतं. तुम्हाला आम्ही अभिप्रायासाठी ठेवलंय. तिघांपैकी चांगला कुठला?"

मी खिशातून वही काढली. मापं, गुण, सगळं होतं. साहेबांनी ती शांतपणे वाचली.

"हे मतदानाच्या आधीचं?"

"हो सर."

"चावडीवर वाचून दाखवलं?"

"नाही सर."

"म्हणजे ज्याला बैलातलं कळतं तो गप्प बसला आणि बाकीच्यांना विचारत फिरला." आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "निकाल तोच राहील. कडबा सरदारला. पण पैदाशीला योग्य असा तांत्रिक अभिप्राय असेल तर दुसरा वळू खच्ची करायची सक्ती नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. वाचत नाही का तुम्ही लोक?"

मी तिथंच, त्यांच्याच पेनानं, आधी उस्मानाबाद खोडलं, लातूर लिहिलं आणि मग ढग्याबद्दल पाऊण पान भरलं. नोकरीत मी स्वतःहून दिलेलं ते पहिलं मत.

परत येऊन काशाबाईला बातमी दिली. वाटलं, खूश होईल.

"चिमटा न्हाई," ती म्हणाली. "पर वैरणबी न्हाई. म्हंजी उपाशी राहू द्या म्हणायलाव. येत्या अमुशापर्यंत बघते. मग उदगीरचा बाजार हायच."

याला मात्र माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. चावडीवर गेलो आणि जे आधी करायचं ते आता केलं. वही उघडून तिघांचे गुण मोठ्यानं वाचले. सरदारचा वाकडा पाय वाचताना आवाज जरा बसला, पण वाचला. नंदीचा लाजाळूपणाही वाचला. आप्पांच्या माडीवर राहून हे वाचायला काळीज लागतं, असं बायको म्हणाली. तिच्याकडून मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र. पाटील उठून गेले. मी मनातल्या मनात किनवटची एसटी कधी सुटते ते आठवू लागलो.

अमावास्येला दोन दिवस होते. काशाबाईच्या दारावरून जात होतो तर दारात गाय. गायीमागं आणखी एक गाय. तिच्यामागं आप्पा, हातात कासरा आणि काखेत कडब्याची पेंढी.

मी सायकलवरून उतरलो. आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "शरणार्थ, डॉक्टर. आमचा नंदी कसा, पूजेला बरा. वाणाला ढग्याच पायजे."

आमच्या भागात वळू लावायचे पैसे कुणी घेत नाही. घेणं वंगाळ मानतात. पण गाय घेऊन येणारा वळूसाठी काखेत काहीतरी आणतो. एरवी गूळ, पीठ, काहीही. त्या वर्षी पेंढी. स्वतःच्या गोठ्यात चार-दोनच उरलेल्या असताना माणूस त्यातली एक घेऊन ढग्याच्या दारात उभा राहत होता. वासरू वर्षानं येतं आणि पंधरा वर्षं दावणीला राहतं, एवढा विचार दुष्काळातही होत होता.

"किती आल्या, मावशी?" मी विचारलं.

"मोजायला तुम्ही हायत की," काशाबाई म्हणाली. "पर आता दोऱ्या नका आणू बरं."

अमावास्या आली आणि गेली. ढग्या बाजारात गेला नाही. सरदार सरकारी पेंड खाऊन इतका फुगला की त्याला बसलेला उठवायला दोन गडी लागायचे. माझ्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं तीन गायी लागल्या, त्यातल्या दोन परगावच्या, वहीतले गुण न ऐकलेल्या. माझी बदली झाली नाही. पाटलांनी मेहुण्याला निरोप का धाडला नाही हे मला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

लस टोचायला त्यांच्या वाड्यात गेलो होतो. सर्वात चांगली गाय नुकतीच व्यालेली. गाय पांढरी. वासराच्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके, जसं काही कुणी शाईची दौत झटकली असावी.

मी वासराकडं पाहिलं. मग खुंटीवरच्या सरदारकडं. मग पाटलांकडं.

पाटील मिशी चाचपत म्हणाले, "आजोळावर गेलंय."

"हो, तसंच दिसतंय," मी म्हणालो आणि सुई टोचली.

पसंतीक्रमाची पद्धत वाईट नाही, असं मी आजही म्हणतो. पुढं सोसायटीच्या निवडणुकीत मीच ती सुचवली. फक्त एवढं लक्षात ठेवावं की मोजणी विचारलं तेवढंच सांगते. 'तुमचा पहिला कोण' असं विचारलं की लोक भावकी सांगतात. 'तुम्हाला चालेल कोण' असं विचारलं की खरं बोलतात. आणि ज्याला त्यातलं कळतं म्हणून पगार मिळतो, त्यानं दोन्ही प्रश्नांच्या आधी आपलं तोंड उघडावं.

त्यानंतरच्या पोळ्याला मी बायकोला घेऊन मिरवणूक बघायला उभा होतो. तोवर पाऊस झाला होता. ढग्या सगळ्यात पुढं होता. मोजणीनंतर त्या दोऱ्या मी ऑफिसातून आणून काशाबाईला देऊन टाकल्या होत्या. तिनं त्यांचे सगळे पिवळे गोंडे सोडवून घेतले होते आणि एका जाड पट्ट्यावर ओवून ढग्याच्या गळ्यात घातले होते. एकसष्टच्या एकसष्ट. त्यात पहिला कुठला, दुसरा कुठला, आता ओळखू येत नव्हतं.

बायकोनं त्या पट्ट्याकडं बोट दाखवलं.

"स्वेटर छान बसलंय," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा त्यालाच शोभतंय."